मुंबईच्या नळाचा हिशेब: माणसे किती, वापर किती

मुलुंडच्या एका तरुण जोडप्याचा प्रश्न आहे: "आम्ही दोघे नोकरी करतो. एकाच मुलावर थांबायचे ठरवतो आहोत आणि त्यामागे पर्यावरणाचाही विचार आहे. सासरे म्हणतात, देशातली गर्दी हेच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, गर्दीचा काही संबंध नाही, लोक किती वापरतात ते बघा. खरे कोणाचे? आणि आमच्या एका मुलाने फरक पडतो का?"

मी पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातली. नळयोजना आखण्यात आणि अलीकडे सोसायट्यांच्या पाण्याचा हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे उत्तर पाण्यावरून देते. मुंबईचे पाणी घेते, कारण ते तुमच्या नळाला येते आणि त्याचे आकडे दीडशे वर्षांहून जुने आहेत.

आधी एक सूत्र. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल अर्लिक आणि जॉन होल्ड्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पर्यावरणावरचा भार तीन गोष्टींच्या गुणाकाराच्या रूपात मांडला: माणसे किती, दर माणशी वापर किती, आणि तो वापर भागवण्याची रीत किती नासाडीची. तुमचे सासरे पहिली संख्या धरून बसले आहेत, मैत्रीण दुसरी. गुणाकारात मात्र एकाच संख्येला दोष देता येत नाही. विचारायचे ते एवढेच, की यातली कोणती संख्या सध्या वेगाने वाढते आहे, आणि कोणती कोणाच्या हातात आहे.

आता मुंबई. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. शहराला नळाने पाणी देणारी ही देशातली पहिली मोठी योजना. त्या वेळी शहरात सुमारे ७ लाख माणसे होती आणि विहारमधून दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळायचे. म्हणजे माणशी ४५ लिटर. आज महापालिका रोज ३,८५० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी शहरात आणते. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाख. माणसे साधारण अठरा पट झाली, पाणी एकशेवीस पट. माणशी आकडा ४५ वरून ३१० लिटरवर गेला.

हे ३१० लिटर तुमच्या बादलीत येत नाहीत हे मला माहीत आहे. त्यात कारखाने, हॉटेले, रुग्णालये, बाहेरून रोज कामाला येणारे लाखो लोक आहेत, वाटेतली गळती आहे. १८६० मध्ये शहरात विहिरीही भरपूर होत्या, तेव्हा तुलना अगदी काटेकोर नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. आणि या आकड्यांशी प्रामाणिक राहायचे तर सासऱ्यांना न्याय द्यायला हवा. माणसे अठरा पट आणि माणशी पाणी सात पट, म्हणजे दीडशे वर्षांच्या लांब पल्ल्यात माणसांच्या संख्येचा वाटा मोठा आहे. विशेषतः स्वातंत्र्यानंतर. १९५१ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख लोक होते, १९८१ मध्ये ८२ लाख. त्या तीस वर्षांत मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा ही धरणे एकामागून एक उभी राहिली ती प्रामुख्याने या वाढत्या माणसांसाठी.

चित्र बदलते ते पुढे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ८० हजारांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम चार टक्के. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, तिथे तर माणसे कमी झाली: ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार. लोकसंख्या हेच सगळ्याचे मूळ असते तर या भागात पाण्याची मागणी, विजेची मागणी, गाड्या, राडारोडा सगळे थोडेफार उतरायला हवे होते. तसे काहीच झाले नाही. हीच ती दहा वर्षे, जेव्हा गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठले. लालबाग-परळच्या चाळीतली कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलकडे सरकली, आणि त्यांच्या जागी संख्येने कमी पण वापराने कितीतरी भारी कुटुंबे आली. ठाणे जिल्हा त्याच दशकात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

वापराने भारी म्हणजे काय, ते जवळून सांगते.

सोसायटीत तपासणीला गेलो की आम्ही रात्री एक वाजता पंप बंद करायला सांगतो आणि गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण करतो. पहाटे चारला पुन्हा पाहतो. त्या तीन तासांत माणसे झोपलेली असतात, तेव्हा पातळी जवळजवळ हलायला नको. ती हलतेच. कधी चार बोटे, कधी वीतभर. ते पाणी बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्यांतून जाते. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर झिजलेला असतो आणि पाण्याची बारीक धार भांड्याच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता उतरत राहते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकला की दहा मिनिटांत तो भांड्यात दिसतो. मग घरातले लोक चकित होतात, कारण त्यांनी काहीच 'वापरलेले' नसते.

नंतर न्हाणीघर. बादलीने अंघोळ पंधरा-वीस लिटरांत होते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पडतात, आणि दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहणे ही आता काही चैन मानली जात नाही. जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा-बारा लिटर जातात, नव्या दोन बटणांच्या टाकीतून तीन किंवा सहा. आणि स्वयंपाकघरातला आरओ. एक लिटर गाळायला तो साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. मुंबईचे पाणी डोंगरातल्या तलावांचे, क्षार मुळातच अगदी कमी. आरओ बनला तो खाऱ्या-मचूळ पाण्यासाठी. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले. मुंबईच्या नळाचे क्षार या ५०० च्या खूप खाली असतात, तरी घरोघरी यंत्र आहे. टाकी वर्षातून दोनदा नीट धुतली आणि साधा गाळक, हवे तर अतिनील दिव्याचे यंत्र लावले, तरी तुमचे भागते. आरओला माझा सर्वांत जास्त आक्षेप आहे, कारण त्यात गरज नाही, सुख नाही, नुसती भीती आहे.

आता याच शहराची दुसरी बाजू. वर्षानुवर्षे झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर आणि इमारतींना १३५ ते १५० लिटर, असा पाणी देण्याचा निकष राहिला. ४५ लिटर म्हणजे नेमके १८६० चे मुंबईकराचे पाणी. २०११ मध्ये मुंबईत ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते, शहराचे सुमारे ४२ टक्के. बावन्न लाखांना ४५ ने गुणा: दिवसाला २३४ दशलक्ष लिटर. शहरात येणाऱ्या एकूण पाण्याच्या सहा टक्के. हा निकषाचा हिशेब आहे. प्रत्यक्षात काही वस्त्यांना थोडे जास्त मिळते, काहींना तेवढेही नाही, आणि ज्यांना नळजोडणीच नाही ते पिंपाने विकत घेतात, इमारतीतल्या कुटुंबापेक्षा कितीतरी पट दराने. पण प्रमाण लक्षात घ्या. शहराची गर्दी म्हटले की डोळ्यांसमोर ज्या वस्त्या येतात, त्या बेचाळीस टक्के लोकांच्या वाट्याला धरलेले पाणी सहा टक्के. गर्दीला दोष देताना बोट जिकडे जाते, तिकडे वापर नाही. या कामात मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा हाच.

भार कुठे पडतो हे त्या गुणाकाराच्या सूत्रात दिसत नाही. मला ते सूत्र नेहमी अपुरे वाटते ते याचसाठी. विहार आणि तुळशी हे तलाव साष्टी बेटावरच्या डोंगरांतले, शहराच्या उंबरठ्यावरचे. १८९२ मध्ये तानसा आला आणि मुंबईची तहान ठाणे जिल्ह्याच्या आत पोचली. मग वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटरची. प्रत्येक धरणाखाली एक खोरे गेले, भातशेती गेली, सागाचे आणि ऐनाचे जंगल गेले, ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी पाडे उठले. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यातली. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर सुरू होतात. मुंबईच्या मोठ्या जलवाहिन्या ज्या रानातून जातात, तिथल्या पाड्यांवरच्या बाया मार्च-एप्रिलपासून हंडा-कळशी घेऊन ओढ्याच्या पात्रात खड्डे करतात आणि झिरपलेले पाणी वाटीने भरतात. मी हे अनेकदा पाहिले आहे, तुम्हीही नाशिक महामार्गावरून थोडे आत वळलात तर पाहाल. शहापूरची लोकसंख्या वाढल्यामुळे ही वेळ आलेली नाही. तिथे पाऊस धोधो पडतो. तो अडवला जातो आणि भांडुप संकुलात शुद्ध होऊन तुमच्या-माझ्या गच्चीवर चढतो.

आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. त्यातून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळतील. त्यासाठी तानसा अभयारण्यातली वनजमीन आणि काही आदिवासी गावे पाण्याखाली जातील, झाडे लाखांच्या घरात तुटतील. मध्यंतरी ते बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना पुढे आली, मग गारगाई पुन्हा वर आले. समर्थनाचे वाक्य दर वेळी तेच असते: लोकसंख्या वाढते आहे, पाणी लागणारच. हे वाक्य ऐकले की मी दोन गोष्टी विचारते. मुंबईची लोकसंख्या दशकात चार टक्क्यांनी वाढत असेल तर वाढीव मागणी नेमकी कोणाची? आणि शहरात आणलेल्या पाण्यापैकी पाव भागाहून अधिक गळती आणि चोरीत जाते, असे महापालिकेच्याच आकडेवारीत वारंवार येते, त्याचे काय? ३,८५० चा पाव भाग म्हणजे साडेनऊशे दशलक्ष लिटरच्या वर. दोन गारगाई आणि वर थोडे. ब्रिटिश काळातले बिडाचे नळ, रस्त्याखाली चारी बाजूंनी केबल आणि गटारे, ठरावीक तासांचा पुरवठा असल्यामुळे उरलेल्या वेळात नळात बाहेरचे घाण पाणी शिरण्याचा धोका, हे सगळे मला ठाऊक आहे. गळती शोधणे हे चिकाटीचे, रात्रीचे, कोणाला न दिसणारे काम आहे. माझ्या ओळखीचे चावीवाले, म्हणजे नळाच्या झडपा उघडणारे-बंद करणारे कामगार, नुसती काठी नळाला लावून, कान टेकून गळती सांगायचे. धरणाचे भूमिपूजन होते, गळतीच्या दुरुस्तीचे होत नाही. ही झाली त्या गुणाकारातली तिसरी संख्या, वापर भागवण्याची रीत. तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते आणि सर्वांत लवकर फरक तिच्यातूनच पडतो.

ही गोष्ट फक्त मुंबईची समजू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूर शहराची वस्ती चार लाखांच्या आत. तेव्हाही वृत्तवाहिन्यांवर वाढत्या लोकसंख्येच्या चर्चा झडल्या. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी एका फेरीत २५ लाख लिटर न्यायची. आता उसाचा हिशेब करा. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. रेल्वेची एक भरलेली फेरी म्हणजे बारा-तेरा गुंठे उसाचे पाणी. चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्या एका पिकाला ठरलेला भाव आणि दाराशी येणारा खरेदीदार आहे ते पीक तो घेणारच. तुरीला आणि ज्वारीला तशीच खात्रीची खरेदी द्या, ठिबकला वेळेवर अनुदान द्या, मग त्याला विचारा. पण लातूर तहानले ते माणसांनी पाणी पिऊन संपवले म्हणून नव्हे.

जगाचे चित्र याच नकाशाचे मोठे रूप आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. पुढच्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. पण कार्बन डायऑक्साइड पाहा: सरासरी भारतीयाच्या नावावर वर्षाला सुमारे दोन टन, सरासरी अमेरिकी माणसाच्या नावावर सुमारे चौदा. जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या वापरातून जवळपास निम्मा कार्बन येतो, हे ऑक्सफॅमचे अहवाल गेली काही वर्षे सांगत आहेत. आपल्याकडे अनेकांची मुले न्यू जर्सीत असतात. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण दोन टन येतात, म्हणजे सरासरी भारतीयाचे वर्ष एका सहलीत. नातवंडाला भेटायला जाऊ नका असे मी कोणाला सांगणार नाही. पण देशाच्या सरासरीआड आपण लपू शकत नाही, एवढे त्या दोन टनांवरून कळावे. 'भारताचे दरडोई उत्सर्जन कमी आहे' हे वाक्य नंदुरबारच्या शेतमजुराच्या जिवावर खरे आहे. मुलुंडच्या दोन पगारांच्या, दोन एसींच्या, एका गाडीच्या घराने ते आपल्यासाठी वापरू नये.

एवढे वाचून मैत्रीण खूश होईल, म्हणून तिच्याही बाजूची त्रुटी सांगते. 'गर्दीचा काही संबंध नाही' हे चूक आहे. काही गरजा अशा आहेत ज्या काटकसरीने कमी होत नाहीत. प्रत्येक माणसाला धान्य लागते, छप्पर लागते, शौचालय लागते. माणसे वाढली की सांडपाणी वाढतेच, आणि मुंबईसारखे शहर अजून आपल्या सांडपाण्याला पुरे पडलेले नाही. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा या सात ठिकाणी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी केंद्रे उभारण्याचे काम २०२२ मध्ये सुरू झाले. इतक्या उशिरा. शिवाय ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांचा वापर वाढणार आहे आणि तो वाढलाच पाहिजे. ४५ लिटरवाल्याला १३५ मिळावेत हा माझ्या दृष्टीने न्याय आहे, पर्यावरणावरचे संकट नाही. पण गरिबांचा रास्त वापर वाढायचा असेल तर एकूण माणसे थोडी कमी असणे सगळ्यांच्याच सोयीचे, हेही खरे.

फक्त त्या आघाडीवर मोठे काम आधीच झालेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला दर स्त्रीमागे मुलांचा आकडा १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. देशाचाही आकडा आता २.० आहे. तरी लोकसंख्या आणखी काही दशके वाढेल, कारण आज तरुण असलेली पिढी मोठी आहे आणि तिची मुले जन्मायची आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने भारत २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल. ही वाढ आता कोणत्याही कायद्याने थांबणारी नाही, ती वयोरचनेतच आहे.

आकडा उतरला तो मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, जन्मलेली मुले जगू लागली आणि साधने हाताशी आली म्हणून. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बाईचे आरोग्य आणि तिचा हक्क होता. त्या वाटेने गेलेल्या समाजात आकडा आपोआप खाली आला. दुसरी वाटही आपण पाहिली आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एकाच वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कित्येक धाकाने. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. 'गर्दी हेच मूळ' या वाक्याला मी इतका विरोध करते त्यामागे हे आहे. ते वाक्य सत्तेच्या हातात गेले की त्याचा पहिला वार गरिबावर होतो, आणि ज्याचा वापर सर्वांत जास्त आहे तो माणूस त्या यादीत कधीच नसतो.

आता तुमचे एक मूल. तो निर्णय तुमचा आहे, तुमच्या तब्येतीचा, वेळेचा, पैशाचा आणि आनंदाचा. एकच हवे असेल तर एकच असू द्या, दोन हवी असतील तर दोन. पर्यावरणाच्या नावाने स्वतःला अपराधी वाटून घेऊ नका, आणि एकाच मुलावर थांबलो म्हणून आपला हिशेब मिटला असेही समजू नका. मुलांची संख्या कमी झाली की दर माणशी वापर बहुतेक घरांत वाढतो. मी पाहते ना: तीन माणसांच्या घरात फ्रिज एकच लागतो, वॉशिंग मशीन एकच, पण ती सहा माणसांच्या घरातही एकेकच लागायची. मुलाला वेगळी खोली, त्या खोलीला वेगळा एसी, तिला जोडून वेगळे न्हाणीघर. आजी-आजोबा वेगळ्या फ्लॅटमध्ये, तिथे हे सगळे पुन्हा. लोकसंख्येचा वेग मंदावला तरी घरांची संख्या वाढत राहते आणि सिमेंट, वाळू, वीज, पाणी हे माणसांपेक्षा घरांच्या मागे धावते. आई-वडील त्याच मजल्यावर किंवा त्याच घरात राहणे जमत असेल, मनापासून जमत असेल, तर पर्यावरणाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे.

तुमच्या हातात आहे ते पाणी. महापालिकेचा दर माणशी १५० लिटरपर्यंत साधा आहे, त्यापुढे दुप्पट, तिप्पट आणि २५० लिटरच्या पुढे चौपट होतो. कल्पना उत्तम आहे. पण मुंबईत मीटर सोसायटीला असते, फ्लॅटला नाही, आणि बिल क्षेत्रफळावर किंवा समसमान वाटले जाते. शिवाय मूळ दर हजार लिटरला सहा-साडेसहा रुपयांच्या घरात. त्यामुळे जो चारशे लिटर वापरतो त्याला कळत नाही आणि जो नव्वद वापरतो त्याला त्याचे काही मिळत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फ्लॅटनिहाय मीटरचा ठराव मांडा. जुन्या इमारतीत एका घराला पाण्याचे चार-पाच उभे नळ वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळे मीटर लागते आणि खर्च वाढतो, सभेत लगेच हा आक्षेप येईल. तो खरा आहे. अशा वेळी निदान विंगनिहाय मीटर लावा आणि दर महिन्याचा आकडा लिफ्टजवळच्या फलकावर लिहा.

त्याच सभेत सेक्रेटरींकडून मागील बारा महिन्यांची पाणीबिले मागून घ्या, एकूण लिटर तीनशे पासष्टने आणि राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. टँकर येत असतील तर त्यांच्या चलनांची बेरीज त्यात धरा, लोक ती विसरतात. आकडा १३५ च्या वर असेल तर आधी रात्रीची टाकीची तपासणी करा, मग फ्लशचे वॉशर, मग जिन्यातल्या उभ्या नळांचे सांधे. तुमची इमारत २००२ नंतरची असेल आणि भूखंड १,००० चौरस मीटरहून मोठा असेल तर पावसाचे पाणी साठवण्याची सोय परवानगीच्या कागदांवर असणारच. ती चालू आहे का ते खड्ड्याचे झाकण उघडून बघा. बहुतेक ठिकाणी त्यात गाळ आणि प्लास्टिक भरलेले सापडते. जूनच्या आधी तो काढायला दोन मजुरांचे एक दिवसाचे काम आहे.